आई बसल्यावर कसायचे नट

नवागामच्या आमच्या घरात लोणच्याची बरणी उघडायची असली की आई ती पदराखाली झाकून शेजारी घेऊन जाते. शेजारीण पिठाची गिरणी चालवते, तिच्या मनगटात जोर आहे. ती बरणी गुडघ्यांत धरते, दात-ओठ खाते, झाकण फिरतं, आई दोन फोडी काढते आणि बरणी उघडीच घरी आणते. घरी आप्पा, म्हणजे माझे वडील, बरणी उघडी दिसली की उठतात आणि झाकण लावून टाकतात. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा शेजारी. लोणचं आमचं, पण ते मुरतंय की नाही याची खबर आमच्यापेक्षा शेजारणीला जास्त असते.

आप्पांनी हात लावलेली वस्तू पुन्हा उघडत नाही. कुकरच्या हँडलचा स्क्रू, बाथरूमचा नळ, पंख्याचा नट, पाण्याच्या बाटलीचं बूच, जे फिरतं ते सगळं ते शेवटपर्यंत फिरवतात, आणि शेवट आला की वर आणखी एक पीळ देतात. आमच्या नळातून पाणी कधी गळत नाही. आप्पा गावी गेले असले तर येतही नाही.

त्यांचं आयुष्य पॉवरलूमच्या कारखान्यात गेलं. अमळनेरकडून तरुणपणी इकडे गुजरातेत आले, आधी कारागीर म्हणून मागावर उभे राहिले, आणि निवृत्त झाले तेव्हा मास्टर होते. लूमच्या कारखान्यात मास्टर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा माणूस. माग दिवसभर धडधडतो, आणि धडधडणाऱ्या यंत्राचा प्रत्येक नट आपोआप सैल होत राहतो. म्हणून आप्पा हातात पाना घेऊन मागांच्या रांगांमधून फिरायचे आणि कसत जायचे. शेवटच्या मागापर्यंत पोचेतो पहिला ढिला झालेला असायचा. असं ज्याचं सगळं वय गेलं त्याला लोणच्याच्या झाकणाशी सबुरीने वाग असं कोण सांगणार? मागांच्या धडधडीने त्यांचा कानही थोडा गेला आहे. आप्पा कुजबुजले तरी दोन गल्ल्यांना कळतं.

आईने मात्र त्यांना झाकणावरून कधी टोकलं नाही. मी चिडायचे, बरण्या आपटायचे, आणि आई म्हणायची, असू दे. एकदा मी फारच तणतणले तेव्हा तिने सांगितलं. आप्पा नवे मास्टर असताना एका मागाचा नट ढिला झालेला त्यांनी पाहिला होता. जेवणाची वेळ होती. जेवून येतो आणि कसतो, असं म्हणून ते डबा उघडून बसले. तेवढ्यात त्या मागाचा, आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा धोटा उडाला आणि आप्पांच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या कारागिराचा डोळा गेला. तो माणूस गावी परतला. आप्पांना त्यासाठी कोणीच काही बोललं नाही, आणि आईच्या मते तिथेच सगळं बिघडलं, कोणीतरी चार शिव्या घालायला हव्या होत्या. तेव्हापासून ढिला नट दिसला की आप्पांच्या घशाखाली घास उतरत नाही. हे ऐकल्यावर मी बरण्या आपटणं सोडलं. चिडणं काही सोडलं नाही.

अशा घरात मी गाडी आणली, हे हात दाखवून अवलक्षण म्हणायचं. मी एका मराठी शाळेत गणित शिकवते, सासरी म्हणजे दिंडोलीत राहते, आणि मला गाडीची हौस नव्हती. गाडी लागली ती आईच्या गुडघ्यांसाठी. आईला बसची पायरी चढवत नाही आणि भुसावळकडे जाणाऱ्या रेल्वेच्या गर्दीत ती उभी राहू शकत नाही. म्हणून मागच्या श्रावणात तिचं कानबाईला जाणं चुकलं. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते, भाऊबंद सगळे जमतात आणि देवीच्या नावाचे रोट एकत्र बसून खातात. आमच्या घरी रोटाच्या गव्हांना पहिला हात थोरल्या सुनेने लावायचा. थोरली सून म्हणजे आई. मागच्या वर्षी काकूने तिला फोनवर व्हिडिओत गहू दाखवले आणि आईने नवागामच्या ओट्यावर बसून त्यांना लांबून हात जोडले. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ गॅसची शेगडी पुसत होती. शेगडी आधीच स्वच्छ होती. पुढच्या वर्षी तुला मी स्वतः नेईन, असं मी तिथेच बोलून बसले.

गाडी छोटी, पांढरी, आणि माझ्याआधी दोघांनी वापरलेली. आप्पांनी तिच्याभोवती फेरी मारली, बॉनेट उघडलं, दिसतील तेवढे नट कसले आणि मग हळदीकुंकू लावू दिलं. कामरेजपर्यंत एक चक्कर मारली तेव्हा पुढून, डाव्या चाकाकडून, गतिरोधक आला की कुटकुट असा आवाज यायला लागला. आई माझ्या शेजारी पुढच्या सीटवर होती. तिने आधी गाडीकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की ही घाटात पण असंच बोलत जाणार का.

गॅरेज आमच्याच रस्त्यावर आहे. दोन भागीदार चालवतात, दोघेही काठियावाडी, एक जाडा आणि एक बारीक. काम जाडा करतो आणि बोलतोही जाडाच. बारीक फक्त मान हलवतो आणि हवा भरतो. जाड्याने गाडी जॅकवर चढवली, खाली डोकावला आणि निदान सांगितलं. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, त्याला ते आर्म म्हणतात. त्या हाताच्या सांध्यात रबराचा बुश बसवलेला असतो. माणसाच्या गुडघ्यात कूर्चा असते तसाच. तो झिजला होता. दोन्ही बाजूंचे बदलू, संध्याकाळी गाडी घेऊन जा, असं तो म्हणाला. गुडघ्याचं नाव निघाल्यामुळे आईला गाडीबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

मला शाळा होती, म्हणून त्या दिवशी गॅरेजात आप्पा बसले. पुढे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, पण इथे सरळच सांगते. दुपारपर्यंत जाड्याने जुने बुश काढून नवे बसवले. आर्म जागेवर लावले, बोल्ट हाताने फिरवून नुसते अडकवून ठेवले. गाडी अजून हवेत, घोड्यांवर म्हणजे लोखंडी टेकूंवर, चाकं लोंबकळलेली. मग तो हात पुसत उठला आणि आप्पांना म्हणाला, जेवून येतो आणि कसतो. आधी पोटोबा, मग विठोबा. बारीक भागीदारही डबा घेऊन त्याच्यामागे गेला.

आप्पा एकटे उरले, आणि त्यांच्या समोर ढिले नट.

मी शाळेतून आले तेव्हा गाडी तयार होती. जाडा म्हणत होता, काम पक्कं झालं. आप्पांचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला वाटलं यांनी एकादशी सोडली. मी विचारलं, हात कशाने काळे झाले? ते म्हणाले, काही नाही, बसल्या बसल्या. मागच्या बाजूला पान्यावर चढवायचा लोखंडी पाइप पडला होता. जाड्याला वाटलं बारकूने, म्हणजे बारीक भागीदाराने, कसले, बारकूला वाटलं जाड्याने कसले, आणि दोघांनाही घरी जायचं होतं.

त्यानंतर गाडीचं काहीतरी बिनसलं. कुटकुट गेली आणि तिच्या जागी करकर आली. जुन्या लाकडी झोपाळ्यावर कोणी जाड माणूस बसला की येते तशी. गाडी नाक थोडं वर करून उभी राहायची, जशी घरात रुसलेली नणंद. खड्डा आला की आधी ती अडून बसायची आणि मग धाडकन खाली यायची, आणि तो धक्का थेट आईच्या कमरेत. आप्पांनी आवाज ऐकला, म्हणजे त्यांना जेवढा ऐकू येतो तेवढा, आणि अहिराणीत निकाल दिला.

“ढिलं शे ना, म्हनीसन करकर करस.”

गाडी नवागामला आप्पांच्याच दारात उभी असायची, आणि दर रविवारी सकाळी, आंघोळीआधी, आप्पा गाडीखाली जायला लागले. आवाज आला की कसायचं, कसलं की आवाज वाढायचा, आवाज वाढला की आणखी कसायचं. गल्लीतल्या माणसांना वाटायचं गाडी पंक्चर आहे, कारण खालून नेहमी दोन पाय बाहेर आलेले असायचे. मी म्हटलं, आप्पा, पुरे करा, काहीतरी तुटेल. ते म्हणाले, तुटतं ते ढिलं असल्यामुळे तुटतं. गणित शिकवणारी बाई वाद सोडून घरात गेली, कारण पाढे म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो, पाना हातात असलेल्याशी येत नाही.

आषाढ संपत आला होता आणि कोसाडला आमच्या मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. आई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. अमरोलीच्या पुढे चाक पंक्चर झालं. स्टेपनी होती, जॅक होता, सगळं होतं, पण चाकाचे नट आप्पांनी कसलेले होते. मी पान्यावर जोर लावला, काही नाही. आप्पांनी लावला, काही नाही. मग आप्पा पान्यावर उभे राहिले. मग पान्यावर उडी मारली. एक टेम्पोवाला थांबला, त्याने उडी मारली. मग दोघांनी एकमेकांचे खांदे धरून एकत्र उडी मारली, आणि येणारे-जाणारे थांबून विचारायला लागले की वरात कुठली आहे. आई रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होती. नव्या लुगड्यावर धूळ, कमरेत कळ, आणि साखरपुड्याचा मुहूर्त टळून गेलेला. टेम्पोवाल्याने आप्पांना विचारलं, काका, हे नट कोणत्या गाढवाने कसले? आप्पा म्हणाले, गॅरेजवाल्याने.

आईने ते ऐकलं. ती उठली, हात दाखवून रिक्षा थांबवली, आणि बसण्याआधी मला एवढंच म्हणाली की आता मी या गाडीत बसणार नाही, कोसाडला नाही आणि गावालाही नाही. कानबाईला नमस्कार फोनवरून करीन, तिला सवय झाली आहे.

आई ओरडून बोलली असती तर मी मनावर घेतलं नसतं. ती शांतपणे बोलली. ज्या कामासाठी गाडी घेतली तेच आता होणार नव्हतं. मला त्या रात्री गाडीचा, आप्पांचा आणि सगळ्या नटबोल्टांचा असा राग आला की मी नवऱ्याशी भांडले, आणि त्याचा तर काहीच संबंध नव्हता.

चाक शेवटी कसंबसं बदललं होतं, आणि दुसऱ्या दिवशी आप्पांना बरोबर घेऊन मी गॅरेजवर गेले. गॅरेजच्या मागे एक खड्डा आहे, गाडी त्यावर उभी करतात आणि माणूस खाली उतरून काम करतो. जाडा खड्ड्यात उतरला. थोड्या वेळाने खालून त्याचा आवाज आला. तो बारकूला विचारत होता की हे बोल्ट तू कसलेस का, आणि कसलेस तर गाडी हवेत असताना का कसलेस. बारकू आयुष्यात पहिल्यांदा बोलला. तो म्हणाला, मी नाही, तू. जाडा वर आला. दोघांची जुंपली. आधी बोल्ट, मग मागच्या दिवाळीत हरवलेला जॅक, मग कोणाच्या मेहुण्याने कोणाला काय म्हटलं ते सगळं निघालं. हवेचा पंप कोणाचा आणि खड्डा कोणाचा इथपर्यंत वाटणी आली. आप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. ते गुजराती होतं, आणि आप्पांना गुजराती बोलता येतं, वाचता येत नाही.

भांडण थोडं थंड झाल्यावर जाड्याने मला समजावलं. बोल्ट बुशाच्या मधल्या नळीला आवळून धरतो. गाडी हवेत टांगलेली असताना बोल्ट आवळला की रबर त्या लोंबकळलेल्या अवस्थेत पकडलं जातं. मग गाडी खाली आली की ते पिळलं जातं, आणि मग उभं असताना, चालताना, रात्रंदिवस पिळलेलंच राहतं. उशीवरून मान घसरून झोपलेला माणूस दुसऱ्या दिवशी जसा वळतो तशी गाडी चालते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभ अजून जळायचा होता, पण करकरायला लागला होता. वर पाइप लावून इतकं कसलं होतं की बोल्टसुद्धा ताणले गेले होते.

“गाडी पोताना पग पर ऊभी होय, त्यारे ज कसवानुं,” जाडा म्हणाला. गाडी स्वतःच्या पायांवर उभी असेल तेव्हाच कसायचं. आणि नुसती उभी नाही, रोज जी माणसं बसतात ती बसलेली हवीत. जेवढं ओझं ती वाहणार तेवढं तिच्यावर असू दे, मग ती जिथे स्थिरावेल तिथे तिला धरायचं.

आता रोज कोण बसतं? मी, गाडी चालवायला. आणि माझ्या शेजारी आई. मी म्हटलं, आई येणार नाही. आप्पा म्हणाले, तिच्या वजनाएवढं गव्हाचं पोतं ठेवू. मग आईचं वजन किती यावर चर्चा सुरू झाली. आप्पांनी जो आकडा सांगितला तो लग्नातला होता, तेवढ्यात आईचा एक पायही आला नसता. मी खरा अंदाज सांगितला तर आप्पांना तो अपमान वाटला. जाडा म्हणाला, मी बसतो. बारकू म्हणाला, तू बसलास तर बोल्ट कसायची गरजच पडणार नाही. त्या दोघांची पुन्हा जुंपण्याची लक्षणं दिसायला लागली. मग मी आईला फोन लावला, आणि तिने नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. तिच्या मागे शेजारणीच्या गिरणीचा आवाज येत होता, म्हणजे बरणी उघडणं चालू होतं.

आप्पांनी माझ्या हातून फोन घेतला. ते गॅरेजच्या पार टोकाला, जुन्या टायरांच्या ढिगामागे गेले, आमच्याकडे पाठ केली आणि फोन तोंडाशी धरून हळूच बोलले. आप्पांचं हळूच.

“मीच कसात ते नट. तो जेवाले गया व्हता. माले ऱ्हावायनं नही.” मग ते थांबले. “तू ये. तू बठशी तव्हय ते नीट व्हई.”

सबंध गॅरेजने ऐकलं. समोरच्या पानवाल्यानेही ऐकलं असावं, कारण त्याने मान वर केली. आमची अहिराणी गुजरातीच्या इतकी जवळची की त्या दोघा भागीदारांना मधला एक शब्दही अडला नाही. मला वाटलं आता जाडा आप्पांना सोलून काढणार. पण तो बारकूकडे बघत राहिला, मग म्हणाला की चहा सांग, आणि बारकू मान हलवत चहा सांगायला गेला. हवेचा पंप सामाईकच राहिला. आप्पा टायरांमागून बाहेर आले तेव्हा त्यांना वाटत होतं की कोणाला काही कळलेलं नाही, आणि आम्ही कोणी त्यांना तसं कळू दिलं नाही. टेम्पोवाल्याने ज्याला गाढव म्हटलं होतं तो माणूस मला एकाएकी फार आवडला. मी हे लिहितेय म्हणून सांगते, नाहीतर तोंडावर कधी म्हणणार नाही.

आई येते म्हणाली होती, आणि ती येईपर्यंत कसलेले बोल्ट सोडवायचे होते. पाइप लावला, पाइपाला आणखी एक पाइप लावला. जाडा आणि आप्पा खड्ड्यात उभे राहून लटकले. आपणच कसलेलं आपणच सोडवताना आप्पांच्या तोंडून जे शब्द निघाले ते कोसाडच्या वाटेवरच्या टेम्पोवाल्याच्या शब्दांपेक्षा पुष्कळ पुढचे होते. शेवटी एकेक बोल्ट कुरकुरत सुटला, आणि प्रत्येक सुटल्यावर गाडीचं नाक जरासं खाली आलं. मला गाडीने सुस्कारा सोडल्यासारखं वाटलं. जुने बोल्ट जाड्याने फेकून दिले आणि नवे हाताने अडकवले. हे सगळं चाललं असताना आप्पा दर मिनिटाला त्या ढिल्या बोल्टांकडे बघत होते आणि घाम पुसत होते.

आई रिक्षातून उतरली. गुडघ्याला पट्टा, हातात नायलॉनची पिशवी. ती सरळ आली, पुढच्या सीटवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली. मी स्टीअरिंगमागे बसले. जाड्याने बॉनेटवर दोन्ही हात ठेवून गाडी खाली दाबली आणि सोडली, पुन्हा दाबली आणि सोडली, रबर जागेवर यावं म्हणून. आई आणि मी पाळण्यात बसल्यासारख्या वर-खाली होत होतो. आईने विचारलं, हे घाटात होणार नाही ना? मी म्हटलं, नाही. मग तिने पिशवीतून सुपारी काढली आणि वर-खाली होत होत चघळायला लागली.

जाड्याकडे एक खास पाना आहे. तो त्याला धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून ठेवतो आणि बारकूलासुद्धा हात लावू देत नाही. त्यावर किती जोर द्यायचा ते आधीच ठरवून ठेवता येतं, आणि तेवढा जोर झाला की पाना ‘टक’ असा आवाज करतो. टक झालं की थांबायचं. तो पाना त्याने टॉवेलातून काढला, खड्ड्यात उतरला, आणि काय मनात आलं कोण जाणे, आप्पांना खाली बोलावून त्यांच्या हातात दिला.

मला वरून आप्पांचं डोकं दिसत नव्हतं, पाय दिसत नव्हते, फक्त आवाज येत होता. पाना फिरला, फिरला, आणि टक. जाडा म्हणाला, बस. मग आप्पांचा आवाज आला, इतका पडलेला की जणू एखाद्यासमोरचं ताट वाढता वाढता उचललं. एवढंच? जाडा म्हणाला, एवढंच. पाना पुन्हा बोल्टवर चढल्याचा आवाज आला. आप्पांचा तो शेवटचा पीळ, जो त्यांनी नळांना, झाकणांना, कुकरांना, सगळ्यांना दिला होता, तो आता येणार होता.

आईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“ऱ्हाऊ द्या आते,” ती खाली बघत म्हणाली. “मी बठेल शे ना वर.”

पाना खाली उतरला. बाकीचे बोल्टही टक, टक करत झाले, आणि प्रत्येक टकनंतर आप्पा थांबले. वर आले तेव्हा त्यांनी पाना स्वतः टॉवेलात गुंडाळून जाड्याला परत दिला. आईने त्यांच्याकडे सुपारी पुढे केली. आम्ही तिघं घरी आलो, मधले तिन्ही गतिरोधक ओलांडून, आणि गाडीने हूं की चूं केलं नाही.

श्रावणात आम्ही गावी निघालो. मी चालवत होते, आई शेजारी, पाठीला आणि खाली गोधडीच्या घड्या घेऊन, आणि आप्पा मागे. व्यारा गेलं, सोनगडला चहाला थांबलो. आप्पा उतरले, गाडीला एक फेरी मारली आणि डिकी उघडली. पाना नव्हता. चाकाचे नट उघडायचा तो लांब पाना, जो जॅकशेजारी कायम असतो, तो गायब. आप्पांनी डिकी रिकामी केली, रोटासाठी नेलेला तूप-गूळ रस्त्यावर मांडला, मागच्या सीटखाली हात घातला. मी म्हटलं, कशाला हवाय? ते म्हणाले, कशाला नाही, असलेला बरा. आई खिडकीतून डोंगर बघत होती. मग ते एका ट्रकवाल्याकडे पाना मागायला गेले आणि रिकाम्या हाताने परतले, ट्रकवाल्याचं नशीब. पाण्याची बाटली तेवढी त्यांनी घट्ट लावली. गावापर्यंत कोणाला पाणी मिळालं नाही.

नवापूरच्या पुढे रस्ता खराब होता. गाडी खड्ड्यातून जात होती आणि पुढून काही आवाज येत नव्हता. आप्पा मागून वाकून कान देत होते. आई मात्र प्रत्येक खड्ड्याला ओठ घट्ट मिटत होती. मी विचारलं, कंबर दुखते का, थांबू का? तिने मान हलवली. नाही.

घरासमोर गाडी उभी राहिली तेव्हा काकू गव्हांचं सूप घेऊन दारातच होती. आमच्याकडे लग्न झालेल्या मुलीला माहेरचे रोट चालत नाहीत, म्हणजे मी ड्रायव्हर आणि वर उपाशी, पण आईचा हात त्या सुपात जाताना बघायला मी मुंबईपर्यंतही गाडी चालवली असती. आई दाराला धरून उतरली. उतरल्यावर ती आत गेली नाही. वळली, सीटवरच्या गोधडीची घडी उचलली, आणि तिच्याखालून तो लांब लोखंडी पाना काढून आप्पांपुढे धरला.

आप्पांनी पाना हातात घेतला. पान्याकडे बघितलं, सीटकडे बघितलं, मग आईकडे.

“टोचनं नही का तुले?”

“टोचनं ना,” आई म्हणाली. “पन वाटभर आवाज करा का मी?”

आणि ती गव्हांना हात लावायला गेली.